दुपारी नाहीशा होणाऱ्या तीन खोल्या

१

ठमाबाईंच्या तीन खोल्या रोज दुपारी पावणेदोनला चोरीला जायच्या आणि चारच्या सुमारास मुकाट जागेवर यायच्या.

आता खोल्या म्हणजे काही कोंबड्या नव्हेत, की कुणी काखेत मारून न्याव्यात. नागावातल्या त्यांच्या घरामागे, नारळी-पोफळीच्या वाडीत, त्या तिन्ही खोल्या भर दुपारी ठणठणीत उभ्या असायच्या. नाहीशा व्हायच्या त्या वेबसाइटवरून. गावातल्या अकरा घरांनी पाहुण्यांसाठी मिळून एक साइट काढली होती. मुंबईकराने घर निवडायचं, शनिवार-रविवार निवडायचा, नाव लिहायचं, की खोली त्याची. पण नेमका जेवणं आटोपून ऑफिसातला माणूस सुट्टीचा बेत आखायला बसला, की ठमाबाईंच्या घरापुढे लाल अक्षरं उमटायची: ‘सर्व खोल्या भरल्या’. डिसेंबरचा ऐन मोसम, आणि दहा दिवसांत नवं बुकिंग एकच, तेही सकाळी सातला उठणाऱ्या कुणा आजोबांचं.

परत गेलेला पाहुणा जायचा कुठे? यादीतल्या पुढच्या घरी. पुढचं घर गुलबानूचं. ठमाबाईंच्या कुंपणाला कुंपण लागून असलेलं, आणि गेल्या तीस वर्षांत ज्या घराशी वाटीभर साखरेपासून बाळंतपणाच्या शेकशेगडीपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण झाली, ते घर.

या चोरीचा तपास करायचा होता ठमाबाईंच्या सुनेला, रुचिताला. तिचं कामच तसं होतं. वाशीच्या एका कंपनीसाठी ती माडीवर बसून लोकांच्या साइटांची नाडी बघायची: कुठलं पान हळू उघडतंय, कुठे अडकतंय, कुठे गिऱ्हाईक वैतागून निघून जातंय. तेच नाडी बघणारं टूल तिने हौसेने गावच्या साइटलाही बसवून दिलं होतं. आणि घोळ तिथेच झाला होता. चार दिवसांपूर्वी जेवताना टूलवरचा नकाशा बघून ती सहज बोलून गेली, “आई, खोल्या अडवणारा फोन मस्कतचा दिसतोय.”

ठमाबाईंचा घास हातातच राहिला. मस्कतला गावातलं एकच माणूस होतं. गुलबानूचा नवरा, वहाब.

त्या दिवसापासून कुंपणावरचं बोलणं बंद झालं. आणि आज, गुरुवारी, संध्याकाळी पाचला या अकरा घरांच्या मंडळाची बैठक होती. ठराव एकच: गुलबानूचं घर साइटवरून काढून टाकायचं.

२

“ठरावाची भाषा बघून घे,” मंडळाचे अध्यक्ष दिनानाथकाका सकाळी कागद घेऊनच आले. “आणि तो तुझा नकाशा मोठा छापून आण. पुरावा म्हणून लावू.”

रुचिताने कागद वाचून खाली ठेवला. गुलबानूचाचींनी तिला लग्नानंतर पहिल्यांदा सांदण करायला शिकवलं होतं. एक शब्द आपल्या तोंडून सुटला काय, आणि तीस वर्षांचं कुंपण पेटलं काय! तिला स्वतःचाच राग आला.

“काका, पाचपर्यंत थांबा. मला अजून खात्री नाही.”

“खात्री कसली? तूच बोललीस. आणि मला सांग, हे टूल बाहेरच्या माणसाचा फोन बघतं तरी कसं? डोळे आहेत त्याला?”

“डोळे नाहीत, चिठ्ठ्या आहेत. साइटचं पान कुणी उघडलं की पानाबरोबर एक छोटी स्क्रिप्ट त्याच्या फोनवर जाते. ती गुपचूप वेळ मोजते. पान दिसायला किती लागला, फोटो कुठला अडला, पहिलं बोट कधी टेकलं, काही बिघडलं का. माणूस पान सोडून निघाला की हे सगळं एका चिठ्ठीत लिहून आमच्याकडे पाठवते.”

“आणि आपल्या बाजूला?”

“सर्व्हरवर दुसरा पहारेकरी. कुठल्या मागणीला उत्तर द्यायला किती वेळ गेला, ते तो लिहितो. तिसरा म्हणजे आपलाच खोटा पाहुणा. दर पाच मिनिटांनी एक यंत्र गिऱ्हाईक बनून येतं, साइट उघडते की नाही ते बघतं आणि जातं.”

दिनानाथकाका ताडकन उठले. “मग तोच! तुझा खोटा पाहुणाच खोल्या अडवून बसतोय!”

संशय अगदीच वेडगळ नव्हता. रुचिताने आदल्या दिवशी तोही तपासला होता. खोटा पाहुणा पहिल्या पानावरूनच मागे फिरायचा, आणि त्याला दिवस-दुपार कळत नव्हती. चोवीस तास त्याची फेरी चालू. चोर मात्र दुपारचाच यायचा. साइट बांधणाऱ्या निकेतला तिने फोन लावला होता. त्याने सांगितलं, चूक नाही, नियमच आहे. गावाकडे नेट रडतखडत चालतं, म्हणून पाहुणा नाव लिहायच्या पानावर पोचला, की ते पान उघडं असेतो खोल्या त्याच्यासाठी धरून ठेवायच्या. कुणीतरी रोज त्या पानापर्यंत यायचं, तिन्ही खोल्या धरायचं आणि नाव न लिहिता नुसतं बसून राहायचं.

“मग त्या बसणाऱ्याचा पत्ताच बघ ना.”

“तो साठवायचाच नाही असा ठराव तुम्हीच केलात, काका. पाहुण्यांची खासगी माहिती नको म्हणून. टूल फक्त फोनमधल्या घड्याळावरून देश ओळखतं. या फोनचं घड्याळ मस्कतच्या वेळेवर आहे, आपल्यापेक्षा दीड तास मागे.”

हे बोलता बोलताच ती थांबली. घड्याळ मस्कतचं होतं. पण फोन?

काका गेल्यावर तिने चिठ्ठ्या उघडल्या. उद्घाटनाच्या दिवशी वहाबचाचांनी मस्कतहून साइट उघडली होती. तेव्हा ती स्वतः त्यांच्याशी बोलत होती, म्हणून वेळ तिच्या लक्षात होती. त्या दिवशी मुंबईच्या सर्व्हरशी एकदा जाऊन यायला त्यांच्या फोनला सेकंदाच्या हजार भागांतले दीडशे भाग लागले होते. समुद्र ओलांडायचा म्हणजे तेवढं लागणारच. मग तिने चोराची चिठ्ठी बघितली.

अठ्ठावीस. काल अठ्ठावीस, परवा एकतीस, त्याआधी सत्तावीस.

घड्याळ खोटं बोलू शकतं, अंतर नाही. इतक्या झटक्यात मस्कतहून कुणी येऊच शकत नव्हतं. रुचिताने स्वतःच्या फोनवरून साइट उघडून बघितली. तीस भाग. चोर मस्कतला नव्हताच. तो इथेच, बहुधा गावातच बसला होता.

३

ही बातमी चांगली होती की वाईट, हे तिला समजेना. मस्कतचं घड्याळ आणि नागावची हवा असलेला फोन गावात कुणाकडे असणार? वहाबचाचा दर खेपेला तिकडून फोन आणायचे, तो गुलबानूचाचींसाठीच.

दीड वाजता तिने लॅपटॉप काखेत मारला आणि कुंपणाची फट ओलांडून ती शेजारी गेली. गुलबानूचाची ओट्यावर सुकट-कोलीम निवडत बसल्या होत्या. रुचिताला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण हसल्या नाहीत.

“ये. तुझ्या सासूने धाडली?”

“नाही चाची, मीच आले. तुमचा फोन बघू?”

त्यांनी तो न विचारता पुढे केला. नवाकोरा फोन. घड्याळ मात्र बारा वाजून दोन मिनिटं दाखवत होतं.

“हा मस्कतच्या वेळेवर का?”

चाचींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. “माझी वेळ बघायला भिंतीवर घड्याळ हाय ना. ह्यात मला तुझ्या चाचांची वेळ दिसते. आत्ता त्यांची जेवणाची सुट्टी झाली, आत्ता ते नमाजला उठले, आत्ता निजले. बावीस वर्षं झाली. जो फोन आला त्याला पहिल्यांदा त्यांची वेळ लावते.”

रुचिताच्या मनात आलं, संध्याकाळी पाचला हे प्रेम भर बैठकीत पुरावा म्हणून टांगलं जाणार. तिने लॅपटॉप उघडला. ठमाबाईंच्या पानावर कुणी आलं की टूलवर एक हिरवा ठिपका पेटायचा. पावणेदोन झाले. ठिपका पेटला. घड्याळ: मस्कत.

चाचींचा फोन तर रुचिताच्याच हातात होता!

“चाची, तुमचं वायफाय एक मिनिट बंद करू?”

“खुशाल कर. माझ्या घरात लपवायला काय हाय?”

राउटरचा दिवा विझला. रुचिता स्वतःच्या फोनच्या डेटावर लॅपटॉप जोडून बघत राहिली. ठिपका तसाच, हसल्यासारखा हिरवा.

म्हणजे फोन या घरातला नव्हता. रुचिताला इतका आनंद झाला की तिने चाचींना मिठीच मारली. मग तिला आठवलं. “तुमचा जुना फोन कुठे आहे? आधीचा?”

चाचींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “दिला.”

“कुणाला?”

“ते न्हाय सांगायची. जबान दिलीय.”

“चाची, पाच वाजता तुमचं नाव काढतायत!”

“माहीत हाय. दिनानाथने येऊन ऐकवलं. पण जबान ती जबान, बाय. नाव काढलं तर काढू देत.” त्यांनी सुपातली एक काडी वेचून टाकली. “मला त्याचं काय न्हाय वाटत. तुझी सासू रोज कुंपणापाशी येते, मला बघते नि मागे फिरते. त्याचं वाटतं.”

४

रुचिता घरी आली तेव्हा दोनला दहा कमी होते. माजघरात ठमाबाई गाढ झोपल्या होत्या. त्यांचा फोन उशाशी. बुकिंग आलं की त्यात देवळातल्यासारखी घंटा वाजायची, आणि ठमाबाई अर्ध्या झोपेतून उठून उशांचे अभ्रे मोजायला धावायच्या. दिवाळीत त्यांना चक्कर आली तेव्हा अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी दोन तास आडवं व्हायलाच पाहिजे. त्यांनी डॉक्टरांनाच उलट विचारलं होतं, “नि पावन्यांना काय तुम्ही पानी देनार?”

गेले काही दिवस मात्र त्या छान झोपत होत्या. चेहऱ्यावर तरतरी आली होती.

रुचिता पायरीवर बसली आणि तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दहा दिवसांत दोन दुपारी चोरी झालीच नव्हती. एक शनिवार, त्या दिवशी आधी ठरलेले पाहुणे घरात होते, ठमाबाई दिवसभर चुलीपाशी. दुसरा दिवस गेल्या आठवड्यातला मंगळवार, तेव्हा ठमाबाई भाचीच्या बाळाच्या बारशाला चौलला गेल्या होत्या. ठमाबाई जाग्या, तेव्हा चोर सुट्टीवर. त्या झोपल्या, की चोर कामाला. आपल्या सासूबाई झोपल्या की नाही, हे त्याला रोज कळत होतं.

आणखी एक गोष्ट चिठ्ठ्यांत होती. पान उघडल्यावर माणसाचं पहिलं बोट साधारण चार-पाच सेकंदांत टेकतं. या चोराचं टेकायचं सव्वा मिनिटाने. अक्षरं दुप्पट मोठी केलेली. म्हणजे अक्षर अक्षर लावून वाचणारा, चष्मा सापडला नाही तर डोळे बारीक करणारा. असा चोर दुसऱ्याचा धंदा बुडवायला निघेल?

रुचिता उठली. लॅपटॉप अजून तिच्या फोनच्याच डेटावर होता; तो पायरीवर उघडाच ठेवला, हिरवा ठिपका त्यावर जळतच होता. तिने माजघरातल्या राउटरची पिन हळूच ओढली.

पाच सेकंद. दहा. ठिपका विझला.

आणि मागच्या वाडीतून, विहिरीपलीकडून, एक ओळखीचा आवाज आला, “रुचिता, नेट गेला काय गो?”

मग एकदम सामसूम. जीभ चावलेल्या माणसाचीच अशी सामसूम असते.

५

हिरामण, म्हणजे रुचिताचे सासरे, पोफळीला पाठ टेकून बसले होते. हात मागे. सुनेला बघून ते आभाळाकडे बघायला लागले.

“बाबा, फोन.”

“कनचा फोन?”

“तुमच्या पाठीमागचा. गुलबानूचाचींनी दिलेला.”

फोन पुढे आला. हिरामणांना फोन वापरायची बंदी होती, आणि ती त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. मागच्या मोसमात पहाटे पाचला पाहुणे झोपलेले असताना त्यांनी बैलगाडी शर्यतीचं समालोचन पूर्ण आवाजात लावलं होतं. ठाण्याचं एक कुटुंब भूकंप समजून अंगणात आलं. ठमाबाईंनी फोन कपाटात टाकला आणि पुन्हा कुठल्याही फोनला हात लावणार नाही, अशी त्यांच्याकडून शपथ घेतली. महिनाभर त्यांनी ती पाळली. मग कुंपणापलीकडे जाऊन गुलबानूकडे जुना फोन मागितला आणि कुणाला सांगणार नाही, अशी जबान घेतली.

“शर्यती बघायला घेतलात, ते समजलं. पण खोल्या का धरून ठेवता?”

हिरामणांनी पोफळीची एक साल सोलली. “तिची घंटा वाजते ना. डोला लागला की वाजते. उठते नि धावते. डाक्टर बोल्ला दोन तास झोप. मी तिच्या फोनला हात लावला तर जीव घेल माझा. मंग एकदा हितं बघितला, खोल्या धरल्या का बुकिंग न्हाय, बुकिंग न्हाय तं घंटा न्हाय.” ते खुशीत आले. “ती झोपली का मी धरतू, ती उठली का सोडतू. मस्त झोपते, तू पन बघतस ना?”

“पण बाबा, पाहुणे परत जातायत!”

“परत कशे जातील?” ते खरोखर चकित झाले. “दुपारचा कोनाचा दार लावलेला दिसला, त मानूस काय करतो? ओट्यावर टेकतो, न्हायतर जरा फिरून चारच्या च्याला येतो. घरची मानसं निजली आसतील, एवढा समजतो. ते मुंबईवाले चार वाजता परत येत न्हाईत?”

रुचिताला हसूही आलं आणि रडूही. बंद दार दिसलं की चारला परत यायचं, हे नागावात पोरासोरांनाही कळतं. हे न कळणारी माणसं असतात, एवढीच गोष्ट सासऱ्यांना कुणी सांगितली नव्हती.

“बाबा, ते पुढच्या घरी जातात. चाचींच्या. आणि आई म्हणतात, हे चाचींनीच केलं. आज पाचला त्यांचं नाव काढतायत. आणि चाची तुमचं नाव सांगायला तयार नाहीत.”

हिरामणांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आठवडाभर ते शेतावर वालाच्या राखणीला आणि दुपारी वाडीत. कुंपणावरचा अबोला त्यांच्या कानावरच आला नव्हता.

“गुलबानूचा नाव?” ते उठले. “सदरा कुठं हाय माझा?”

६

दिनानाथकाकांच्या मांडवात अकरा घरांची माणसं जमली होती. गुलबानूचाची एका टोकाला, ठमाबाई दुसऱ्या. काकांनी घसा साफ केला. “पुराव्याचा नकाशा रुचिता दाखवेल.”

“नकाशा चुकीचा आहे,” रुचिता उभी राहून म्हणाली. “आणि चूक माझी. घड्याळावरून मी माणसाचं गाव ठरवलं. तो फोन मस्कतला नाही, चाचींच्या घरातही नाही.” मग तिने हजारातले अठ्ठावीस भाग सांगितले, चाचींच्या घरी विझलेला राउटर आणि तरी जळणारा ठिपका सांगितला, चोरी न झालेल्या दोन दुपारी सांगितल्या. माणसं पुढे सरकून ऐकायला लागली.

“मग हाय कोन तो?” ठमाबाई कडाडल्या.

“मी,” मागून आवाज आला.

धुतलेला सदरा घालून हिरामण पुढे आले आणि मस्कतची वेळ दाखवणारा फोन त्यांनी बायकोच्या पुढ्यात ठेवला. मग सगळं सांगितलं. शर्यतींपासून, शपथ मोडल्यापासून, घंटेपर्यंत. “तू निजावीस म्हनून केला,” शेवटी ते म्हणाले. “गुलबानूवर येल, हे माझ्या डोक्यातच न्हाय आला.”

मांडवात आधी कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच. ठमाबाई मात्र हसल्या नाहीत. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेल्या माणसाकडे त्यांनी असं बघितलं, की हिरामण लाजून मांडवाचा खांब चाचपायला लागले.

मग त्या उठल्या आणि मांडव ओलांडून दुसऱ्या टोकाला गेल्या.

“तुला माहीत होता फोन कोनाकडं हाय. बोल्ली का न्हाईस?”

“जबान दिलेली,” गुलबानूचाची म्हणाल्या. “आणि तू विचारलंस कुठं, ठमाबाय? विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की मी न्हाय केलं. एवढंच सांगायला जबान आड येत नव्हती.”

मांडवातलं हसू थांबलं. तीस वर्षांत ज्या बाईला त्यांनी सगळं विचारलं होतं, तिला हे एकच विचारायचं राहिलं होतं. त्या मटकन तिच्या शेजारी बसल्या.

“चुकला माझा,” त्या म्हणाल्या. “लई चुकला, गुले.”

चाचींनी ठमाबाईंच्या डोक्यावरून सुटलेला पदर नीट केला.

दिनानाथकाकांनी हातातला ठरावाचा कागद हळूच घडी करून खिशात टाकला. “मग... बैठक संपली म्हणायची?”

“संपली कशी?” ठमाबाईंचा आवाज परत आला. “ठराव मी मांडते. दुपारी दीड ते चार सगल्या अकरा घरांची दारं बंद. सायटीवर लिहा, घरची मानसं निजलीत, चारला या. रुचिता, व्हईल का न्हाय?”

“होईल आई. निकेत आजच करेल.”

“अहो, पण गिऱ्हाईक!” काका कळवळले. “ते थांबणार नाही!”

“एकाचा दार बंद दिसला तर पुढच्या दारी जातो. अकराच्या अकरा बंद दिसले तर जाईल कुठं?”

काकांनी वही पुढे ओढली. इकडे मांडवातल्या बायका, ज्यांना एका बुकिंगसाठी दुपारची झोप सोडायची सवय लागली होती, एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

“अनुमोदन कोण देतंय?” काकांनी हताशपणे वही उघडली.

सगळ्यांत आधी हात वर गेला तो गुलबानूचाचींचा. मागोमाग बायकांचे सगळे हात, मग पुरुषांचे, आणि शेवटी मांडवाच्या खांबामागून हिरामणांचा.

“तुम्ही हात खाली करा,” ठमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “तुमचा घरी गेल्यावर बघते.” पण बोलताना त्या हसत होत्या.

काकांनी वहीत लिहिलं, आणि रुचिताने त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचून घेतलं: ठराव मांडला, ठमाबाई. अनुमोदन, गुलबानू. एकमताने मंजूर.